विश्लेषण : झाडाची मुळे ड्रेनेज लाइनमध्ये शिरतात कशी? दोष झाडाचा की पाइपचा?

तळमजल्यावरच्या घरात सकाळी नहाणीतून पाणी खाली जाण्याऐवजी उलटे वर येते. प्लंबर येतो, आवारातल्या चेंबरचे झाकण उघडतो, कामटी घालतो आणि गंगावणासारखा मुळांचा लांबच लांब झुपका ओढून बाहेर काढतो. ‘हे त्या उंबराचे काम’ असा निकाल तिथेच लागतो. लाइन मोकळी होते, पैसे दिले जातात. काही महिन्यांनी पुन्हा तेच. दोन-तीनदा असे झाले, की सोसायटीच्या बैठकीत झाड तोडण्याचा विषय निघतो. तळमजल्यावरचे रहिवासी मैलापाण्याने हैराण झालेले असतात, तर वरच्या मजल्यावरच्यांना सावली जाऊ द्यायची नसते. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतील जुन्या सोसायट्या आणि बंगल्यांमध्ये हा वाद नवा नाही. मात्र झाड तोडल्याने प्रश्न खरोखर सुटतो का? मुळे पाइपमध्ये येतातच का? आणि झाड व ड्रेनेज दोन्ही सांभाळायचे, तर नेमके काय करावे लागते?

मुळे पाइप फोडून आत शिरतात का?

बहुतेक वेळा नाही. चांगल्या स्थितीतल्या, सांधे घट्ट असलेल्या पाइपला मूळ भोक पाडत नाही. मुळाचे वाढते टोक नाजूक असते. दगड लागला तर ते जसे वळसा घालून पुढे जाते, तसेच धड पाइपलाही वळसा घालते. मुळाला दूरवरच्या पाण्याचा वास येतो, हाही गैरसमज आहे. मूळ सगळीकडे चाचपडत वाढते आणि जिथे ओल, हवा व पोकळ माती मिळते, तिथे त्याची वाढ जोमाने होते.

गळक्या ड्रेनेज लाइनभोवती या तिन्ही गोष्टी असतात. पाइप टाकताना खणलेला चर नंतर भरला जातो, पण तिथली माती आजूबाजूच्या न खणलेल्या जमिनीपेक्षा भुसभुशीत राहते. सांध्यातून पाणी झिरपत असेल तर भर उन्हाळ्यातही तिथे ओल टिकते. मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद असते, म्हणजे झाडासाठी ते आयते खतच. केसाइतके बारीक मूळ सांध्याच्या फटीतून आत जाते. ड्रेनेजचा पाइप पाण्याच्या नळासारखा दाबाखाली पूर्ण भरून वाहत नाही. त्याच्या वरच्या भागात हवा असते. पाणी, हवा आणि खत एकाच जागी मिळाल्यावर त्या एका मुळाला असंख्य फाटे फुटतात आणि पाइपात जाळे तयार होते.

पाइप फुटण्याची पाळी यानंतर येते. फटीत शिरलेले मूळ वर्षागणिक जाड होत जाते आणि पाचरीसारखे काम करून फट रुंदावते. फट रुंदावली की गळती वाढते, गळती वाढली की मुळे वाढतात. म्हणजे मुळे नुकसान करतात हे खरे; पण त्यांना वाट करून देतो तो गळका सांधा.

ही गोष्ट गावाकडच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. परसात नहाणीच्या सांडपाण्यावर केळ आणि अळू लावण्याची पद्धत जुनी आहे. सांडपाणी जिथे मुरते तिथे झाडे जोमाने वाढतात, हे त्यामागचे साधे निरीक्षण. इथे मुद्दाम सोडलेल्या पाण्याऐवजी नकळत गळणारे पाणी असते, इतकाच फरक.

जुन्या इमारतींमध्येच हा त्रास जास्त का?

याचे मुख्य कारण पाइपच्या प्रकारात आहे. काही दशकांपूर्वीपर्यंत आवारातील ड्रेनेजसाठी प्रामुख्याने स्टोनवेअरचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे चकचकीत तपकिरी पाइप वापरले जात. हा पाइप गंजत नाही आणि मैलापाण्याने खराबही होत नाही. मात्र त्याचे तुकडे आखूड असतात. ६० सेंटिमीटर ही त्यांची एक प्रचलित लांबी. अशा तुकड्यांनी १५ मीटरची लाइन टाकायची, तर २५ तुकडे आणि त्यांच्यामध्ये २४ सांधे येतात. प्रत्येक सांधा सुतळीसारखा धागा ठासून वर सिमेंटच्या मसाल्याने भरलेला. हा मसाला कडक असतो, जमीन थोडी हलली तरी तो तडकतो.

महाराष्ट्रात जमीन हलण्याचे ठळक कारण म्हणजे काळी माती. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यात टाकलेली लाइन दरवर्षी थोडी वर-खाली होते. त्यात आवारात पेव्हर ब्लॉक घालून गाड्या उभ्या राहू लागल्या, की उथळ पाइपवर भार वाढतो. चेंबरच्या विटांचे प्लास्टर सुटलेले असते. कधी एखाद्या घरमालकाने नवा संडास जोडताना जुन्या पाइपला छिन्नीने भोक पाडून जोड दिलेला असतो. मुळांसाठी या सगळ्या उघड्या खिडक्याच असतात.

पीव्हीसी पाइपचे तुकडे लांब असतात. त्यामुळे सांधे कमी येतात आणि ते सोल्युशनने किंवा रबर रिंगने घट्ट बसतात. म्हणून धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. रिंग वाकडी बसली, सोल्युशन नीट लागले नाही किंवा खाली दगड राहून पाइप दबला, तर त्याच्याही सांध्यातून मुळे शिरतात.

कोणती झाडे जास्त त्रास देतात?

वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, पिंपरण ही सारी फायकस कुळातील भावंडे यात पुढे आहेत. घराच्या शोभेसाठी कुंडीत आणलेले आणि नंतर जमिनीत लावलेले रबराचे झाड आणि फायकस बेंजामिनाही याच कुळातले. यांची मुळे दूरवर पसरतात, जोरकस असतात आणि फटीत वाढण्याची त्यांना सवयच असते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले यांचे बी भिंतीच्या सांध्यात, पाइपच्या मागे आणि चेंबरच्या विटांमध्येही रुजते. चेंबरमधून डोकावणारे वीतभर पिंपळाचे रोप लगेच उपटले तर दोन मिनिटांचे काम असते. दोन वर्षांनी तेच काम हजारोंच्या खर्चात जाते.

गुलमोहर, सोनमोहर आणि वर्षावृक्ष यांची मुळे जमिनीलगत पसरून फरशी, पेव्हर ब्लॉक आणि कुंपणाची भिंत उचलतात. बांबूचे बेटही पाइपजवळ असू नये. लवकर हिरवे कुंपण उभे राहावे म्हणून अनेक शहरांत लावला गेलेला कोनोकार्पस हे अलीकडचे उदाहरण. गुजरात सरकारने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे होणारा आरोग्याचा त्रास हे एक कारण होते, तर मुळांमुळे दळणवळणाच्या केबल, ड्रेनेज आणि पाण्याच्या वाहिन्यांचे होणारे नुकसान हे दुसरे.

मुळांच्या पसाऱ्याबाबत आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. झाड वर जेवढे, तेवढेच खाली, असे चित्र शाळेपासून मनात बसलेले असते. प्रत्यक्षात बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या साधारण ६० सेंटिमीटरच्या थरात असतात, कारण हवा तिथेच मिळते. खोल जाण्यापेक्षा ती आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. आवारातली घराची लाइन अनेकदा याच थरात किंवा त्याच्या जरा खाली असते. त्यामुळे ‘झाड तर तिकडे कोपऱ्यात आहे’ हा दिलासा खरा नसतो. शेजारच्या प्लॉटमधले किंवा रस्त्याकडेचे झाडही आपल्या लाइनपर्यंत पोहोचू शकते.

लाइनमध्ये मुळे शिरली हे कसे ओळखायचे?

केस, साबण, तेल किंवा कापड अडकून झालेला चोकअप एकदा काढला की बराच काळ त्रास होत नाही. मुळांमुळे झालेला चोकअप मात्र ठरावीक काळाने आणि त्याच जागी परत येतो. इतरही खुणा आहेत. फ्लश केल्यावर नहाणीतून गुडगुड आवाज येणे. सगळ्यात खालच्या मजल्यावर पाणी सावकाश उतरणे. एका चेंबरमध्ये पाणी तुंबलेले आणि पुढच्यात जवळपास कोरडे. उन्हाळ्यात आवारातला एकच पट्टा हिरवागार दिसणे. पेव्हर ब्लॉक एका रेषेत खचणे. अशा वेळी अंदाजाने खोदकाम काढू नये. लाइन आधी साफ करून आतून कॅमेरा फिरवावा. मोठ्या शहरांत ही सेवा देणारे खासगी ठेकेदार मिळतात. कॅमेऱ्यात मूळ कोणत्या सांध्यातून आले, चेंबरपासून ते किती मीटरवर आहे, पाइप फुटला आहे की फक्त सांधा सुटला आहे, हे दिसते. पंधरा मीटर खणायचे की दोन मीटर, हे त्यावरून ठरते. चित्रीकरणाची प्रत सोसायटीने जपून ठेवावी; पुढे परवानगी, ठराव किंवा खर्चाचा वाद उभा राहिला तर तीच उपयोगी पडते.

मोरचूद, अ‍ॅसिड किंवा मीठ टाकून मुळे जातात का?

हा उपाय स्वस्त वाटतो म्हणून सर्रास केला जातो. मोरचूद पाण्यात विरघळून वाहून जातो. मुळांचा जो भाग पाण्यात बुडालेला असतो, तेवढा कदाचित मरतो. वरच्या भागातून आलेली मुळे तशीच राहतात. मेलेली मुळेही पाइपात अडकून राहतात आणि त्यांच्यावर घाण साचत जाते. सांधा तर उघडाच असतो, त्यामुळे नवी मुळे येतात.

तोटे मात्र पक्के असतात. मोरचुदातील तांबे सेप्टिक टँकमधील आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील उपयोगी जिवाणूंना मारक ठरते. ते गळक्या सांध्यातून जमिनीत उतरते आणि जवळ विहीर किंवा बोअरवेल असेल तर धोका आणखी वाढतो. अ‍ॅसिड सिमेंटचे सांधे आणि चेंबरचे प्लास्टर खाते, म्हणजे मुळांची वाट अधिकच रुंद करते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद संडासात किंवा चेंबरवर वाकलेल्या माणसासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. खोडाशी भरपूर मीठ ओतल्याने माती बिघडते आणि झाड कमकुवत होते. शिवाय झाड मारण्याच्या हेतूने केलेला असा प्रकार कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतो.

साफसफाई कशी करावी आणि कशी करू नये?

कामटी किंवा रॉडने मुळांचा गोळा फुटतो, पण मुळे पाइपाच्या भिंतीलगत शिल्लक राहतात. पुढे फिरते पाते लावलेले यंत्र किंवा जास्त दाबाचे जेटिंग मशीन हे काम अधिक नीट करते. तरीही ही छाटणीच आहे. छाटलेल्या मेंदीला जसे अधिक फुटवे येतात, तसे मुळांचेही होते. म्हणून साफसफाई ही दुरुस्तीपूर्वीची पायरी समजावी, तिला उपाय समजू नये. जुन्या, तडकलेल्या स्टोनवेअर पाइपमध्ये जेटिंगचा दाब किती ठेवायचा हे अनुभवी माणसाने ठरवावे; नाहीतर उरलासुरला सांधाही निखळतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. मुळे काढण्यासाठी माणसाला खोल चेंबर, मॅनहोल किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवू नये. तिथे हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेले असू शकतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची क्षमताच जाते, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे धोका नाही’ हा अंदाज प्राणघातक ठरतो. पहिला माणूस कोसळल्यावर त्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो, असे अनेक दुर्घटनांत घडले आहे.

हाताने मैला साफ करण्याच्या कामास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार, संरक्षक साधने आणि खबरदारीशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकच्या सफाईसाठी माणूस लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ही बंदी फक्त महापालिकेला नाही. काम देणारी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था तिच्या कक्षेत येते, म्हणजे सोसायटी आणि बंगल्याचा मालकसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख रुपये करण्यात आली. पाचशे-हजार रुपये वाचवण्यासाठी नाक्यावरून माणूस आणून खाली उतरवणे म्हणजे दुसऱ्याचा जीव पणाला लावणे होय.

पक्की दुरुस्ती कोणती?

मूळ ज्या फटीतून आले ती बंद करणे, हीच पक्की दुरुस्ती. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, खराब झालेला भाग खणून काढून तिथे नवा पाइप टाकणे. जमिनीखालील ड्रेनेजसाठी बनवलेला पीव्हीसी पाइप आयएस १५३२८ या मानकाचा असतो. पाइपवर ते छापलेले आहे का, हे खरेदी करतानाच पाहावे. पावसाच्या पाण्यासाठी वापरतात तो पातळ पाइप जमिनीखाली घालू नये. चराच्या तळाला वाळू किंवा बारीक मुरूम घालून पाइप सलग टेकवावा, उतार सारखा ठेवावा आणि जुन्या-नव्या पाइपचा जोड योग्य कपलिंगने करावा. तिथे नुसता सिमेंटचा गोळा थापला, तर पुढचे मूळ बरोबर तिथूनच येते. चेंबरला आतून प्लास्टर करून पाइप भिंतीत शिरतो तिथली फटही भरावी.

चर बुजवण्यापूर्वी पाण्याची चाचणी घेतलीच पाहिजे. लाइनचे खालचे टोक बंद करून वरच्या चेंबरमधून पाणी भरायचे आणि पातळीवर खूण करायची. काही वेळाने पातळी उतरली तर एखादा सांधा गळतो आहे. चर उघडा असताना तो शोधणे सोपे असते. ठेकेदाराला शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा.

दुसरा मार्ग खोदकाम टाळणारा आहे. रेझिनमध्ये भिजवलेले अस्तर जुन्या पाइपमध्ये सोडून, फुगवून, तिथेच कडक केले जाते. जुन्या पाइपच्या आत बिनसांध्याचा नवा पाइप तयार होतो. लाइन झाडाच्या अगदी खालून किंवा बांधकामाखालून जात असेल तर हा पर्याय विचारात घ्यावा. मात्र पाइप पूर्ण चेपलेला किंवा खचलेला असेल तर अस्तर चालत नाही. लहान कामासाठी त्याचा खर्चही परवडेलच असे नाही. कधी तिसरा, साधा पर्याय स्वस्त पडतो : जुनी लाइन बंद करून झाडापासून दूर नवी लाइन वळवणे.

मुळांना वाटेतच अडवता येते का?

काही प्रमाणात येते. पाइप आणि झाड यांच्या मध्ये ६० ते ९० सेंटिमीटर खोल चर खणून त्यात जाड एचडीपीई पत्रा उभा गाडतात. पत्र्याची वरची कड जमिनीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवावी लागते, नाहीतर मुळे पालापाचोळ्याखालून वरून उडी मारतात. पत्र्याचे जोड एकमेकांवर चढवून घट्ट करावेत. हा पत्रा झाडापेक्षा पाइपच्या जवळ असावा. झाडाभोवती गोल कडे करून तो घालू नये, कारण मुळे आतल्या आत गोल फिरतात आणि झाडाचा तोल कमकुवत होतो. हा पत्रा मुळांना वळवतो, कायमचे थांबवत नाही. गळका सांधा तसाच ठेवून नुसता पत्रा घालण्यात अर्थ नाही.

चर खणताना खरा धोका वेगळाच असतो. वाटेत आलेली जाड मुळे सरळ तोडली जातात. तीच मुळे झाडाला उभे धरून ठेवतात. मे महिन्यात एका बाजूची मुळे तुटलेले झाड पहिल्या वळिवात गाडीवर, घरावर किंवा माणसावर कोसळू शकते. यासाठी वृक्षतज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे : खोडाच्या व्यासाच्या निदान पाचपट अंतरापर्यंत जाड मुळांना हात लावू नये. छातीच्या उंचीवर टेपने घेर मोजावा आणि ३.१४ ने भागावे. घेर १२५ सेंटिमीटर असेल तर व्यास सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे खोडापासून दोन मीटरपर्यंत जपावे. त्याबाहेरही मनगटाएवढे मूळ दिसले तर ते न तोडता त्याच्या खालून पाइप नेता येतो का, हे आधी पाहावे. झाडाजवळ जेसीबीऐवजी हाताने खणावे. शक्यतो हे काम पावसाळा ओसरून जमीन आवळल्यावर, हिवाळ्यात करावे.

झाडच तोडले तर प्रश्न मिटेल?

झाड तोडल्याने गळका सांधा बुजत नाही. फायकस कुळातली झाडे बुंध्यापासून पुन्हा फुटतात. पुरती मेली तरी आत शिरलेली मुळे कुजून सांधे अधिक मोकळे होतात, गळती सुरू राहते आणि पुढे दुसऱ्या झाडाची मुळे तीच वाट धरतात. काळ्या मातीत आणखी एक परिणाम संभवतो. मोठे झाड जमिनीतले बरेच पाणी ओढून घेत असते. ते गेल्यावर माती जास्त ओली राहून फुगू शकते आणि जवळच्या हलक्या बांधकामाला तडे जाऊ शकतात. झाड रोगट, पोकळ किंवा धोकादायकपणे कललेले असेल, अथवा खोडच लाइनवर बसले असून लाइन वळवायला जागा नसेल, तेव्हा ते काढण्याचा विचार समजण्यासारखा आहे. पण तेव्हाही लाइनची दुरुस्ती टळत नाही.

कायदा काय सांगतो?

शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. आपल्या खासगी जागेतले, आपणच लावलेले झाड असले तरी ते तोडण्यासाठी वृक्ष अधिकारी किंवा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. या कायद्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ फक्त कुऱ्हाड चालवणे असा नाही. जाळणे, कापणे किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे, हे सारे त्यात येते. त्यामुळे मुख्य मुळे तोडणे किंवा बुंध्याशी रसायन ओतणे यातूनही कारवाई ओढवू शकते. जीविताला किंवा मालमत्तेला धोका असलेल्या झाडांबाबत कायद्यात वेगळी तरतूद आहे. पण तो धोका आहे की नाही, हे वृक्ष अधिकारी ठरवतो, सोसायटीची बैठक नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची झाडे ‘हेरिटेज’ मानली जातात. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अटही त्याच दुरुस्तीने आणली. म्हणजे चाळीस वर्षांचा उंबर तोडायचा तर चाळीस झाडे लावून जगवण्याची तयारी हवी.

झाड शेजाऱ्याच्या जागेत असेल, तर आधी बोलणे आणि कॅमेऱ्यातले चित्रीकरण दाखवणे उत्तम. आपल्या हद्दीतली लाइन घट्ट करणे आपल्या हातात असते आणि त्यासाठी शेजाऱ्याच्या संमतीची गरज नसते. झाड रस्त्यावरचे असेल, तर महापालिका किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा.

खर्च कोणी करायचा?

सर्वसाधारणपणे आवारातली लाइन मालकाची किंवा सोसायटीची, तर रस्त्यातली मुख्य मलवाहिनी स्थानिक संस्थेची जबाबदारी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज लाइनची देखभाल-दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायला हवी. पाणी तळमजल्यावर उलटते म्हणून तो तळमजल्याचा खासगी प्रश्न ठरत नाही, कारण तिथे उलटणारे पाणी सगळ्या मजल्यांचे असते. त्यामुळे दरवेळी तळमजल्याच्या रहिवाशाने पदरच्या पैशाने प्लंबर बोलावणे योग्य नाही. संस्थेने तीन-चार वेळच्या साफसफाईचा खर्च एकत्र मांडून पाहिला, तरी एकदाच पक्की दुरुस्ती करणे का परवडते, हे लक्षात येते.

नवे झाड लावताना काय पाहावे?

सर्वात आधी आवारातल्या लाइनचा नकाशा. पाणी, ड्रेनेज, वीज आणि गॅस कुठून जातात हे एका कागदावर काढून संस्थेच्या दप्तरात ठेवावे. चेंबरपासून चेंबरपर्यंत सरळ रेष ओढली, तरी ड्रेनेजचा अंदाज येतो. लहान झाडे लाइनपासून निदान तीन मीटर, मोठी झाडे सहा ते दहा मीटर दूर असावीत. वड-पिंपळ-उंबरासाठी त्याहूनही मोकळी जागा हवी. त्यांची खरी जागा मैदान, टेकडी, मंदिराचे आवार किंवा नदीकाठ. लहान अंगणात प्राजक्त, कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, तगर, कुंती, जास्वंद किंवा पांढरा चाफा शोभतो आणि सांभाळायलाही सोपा जातो.

झाडाभोवती बुंध्यापर्यंत काँक्रिट करू नये. पाणी आणि हवा वरून मिळाली नाही, की मुळे ती दुसरीकडे शोधतात आणि आवारात पेव्हर ब्लॉकखाली ओलावा टिकून असलेली जागा बहुतेक वेळा गळकी लाइनच असते. बुंध्याभोवती मातीचे मोकळे आळे आणि उन्हाळ्यात अधूनमधून खोलवर पाणी दिले, तर झाडही तगते.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, सगळ्या चेंबरची झाकणे उघडून पाहावीत. बारीक पांढरी मुळे लोंबताना दिसली तर वेळ गेलेली नाही, असे समजावे. या टप्प्यावर दुरुस्ती एका सांध्यापुरती असते. झाड तोडण्याचा विषय बैठकीत येईपर्यंत थांबले, तर ती सबंध लाइनची होते.